कॉफीच्या उतारावर दोन चाके

कोलंबियाची कॉफी जगभर प्रसिद्ध आहे. मात्र ती जिथे पिकते तो प्रदेश किती उभा आहे, याची कल्पना तिचे घोट घेणाऱ्याला क्वचितच असते. अँडीज पर्वताच्या तीन रांगा या देशातून उत्तर-दक्षिण धावतात आणि त्यांतील मधल्या रांगेच्या पश्चिम अंगाला किंदिओ, रिसाराल्दा आणि काल्दास हे तीन प्रांत वसले आहेत. हाच तो 'कॉफीचा पट्टा'. येथील मळे डोंगरउतारांवर असे लटकलेले आहेत की, दूरवरून पाहताना ते कोणी भिंतीवर रंगवून ठेवल्याचा भास व्हावा. हा प्रदेश पाहण्यासाठी आज अनेक मार्ग आहेत. मोटारीने तो काही तासांत ओलांडता येतो, पायी फिरायला आठवडाही अपुरा पडतो. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे वाटाड्याबरोबर माउंटन बाइकवरून केलेली एका दिवसाची सफर. डोंगरचढाचा अर्थ पायांना कळतो, उताराचा हातांना आणि मग कॉफीच्या किमतीचाही थोडाफार अर्थ उमगू लागतो.

सालेंतोहून प्रारंभ

अशा सफरींचे एक प्रमुख केंद्र म्हणजे किंदिओ प्रांतातील सालेंतो हे गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवरचे हे गाव एका डोंगरधारेवर वसले आहे. चौकाभोवती पांढऱ्या भिंतींची, निळ्या-तांबड्या दारे-खिडक्यांची जुनी घरे आहेत. 'ग्वादुआ' नावाचा जाडजूड बांबू आणि माती यांच्या साह्याने घर बांधण्याची येथील रीत पुरातन आहे.

सकाळी चौकात सायकली तपासल्या जातात. सीटची उंची, टायरमधील हवा आणि मुख्य म्हणजे ब्रेक. वाटाड्याचा पहिला पाठ ब्रेकचाच असतो. खडीच्या उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबला, तर चाक जागीच थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून दोन्ही ब्रेक हलक्या हाताने, थांबून थांबून वापरायचे. शरीराचा भार सीटच्या मागे न्यायचा. पेडल एका पातळीत ठेवायची आणि नजर पुढच्या चाकावर नव्हे, तर दहा-पंधरा मीटर पुढे ठेवायची. भारतीय पर्यटकाला आणखी एक सवय करून घ्यावी लागते. कोलंबियात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात.

गाव सोडले की डांबर संपते आणि धारेवरून जाणारा कच्चा रस्ता सुरू होतो. आधी गुरांची कुरणे लागतात, मग हळूहळू उतार उतरत रस्ता कॉफीच्या वस्त्यांकडे वळतो. या उतरणीतच प्रदेशाचे भूगोलशास्त्र दडलेले आहे. दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण सहा अंशांनी बदलते. सालेंतोच्या वर, कोकोराच्या खोऱ्यात धुक्यातून उभे असलेले मेणताड दिसतात. साठ मीटरपर्यंत वाढणारी ही जगातील सर्वांत उंच ताडजात असून, १९८५ मध्ये कायद्याने तिला कोलंबियाच्या राष्ट्रीय वृक्षाचा मान मिळाला. तिथे कॉफी तग धरत नाही, कारण थंडी फार. बरेच खाली, दरीच्या तळाशी उकाडा अधिक. तिथे ऊस आणि गुरे. या दोहोंच्या मधला, साधारण १,२०० ते २,००० मीटरचा पट्टा हीच अरेबिका कॉफीची मायभूमी. सायकलस्वार गळ्याभोवतीचा रुमाल सोडतो, थोड्या वेळाने जाकीटही काढतो आणि नेमकी त्याच सुमारास रस्त्याच्या कडेला कॉफीची पहिली झाडे दिसू लागतात.

लाल फळ, हिरवे फळ

चिकमगळूर किंवा कोडगू येथील मळे पाहिलेल्या पर्यटकाला येथे एक फरक लगेच जाणवतो. आपल्याकडे कॉफी उंच झाडांच्या गर्द सावलीत वाढते आणि त्या झाडांवर मिऱ्यांचे वेल चढलेले असतात. किंदिओत मात्र पुष्कळ मळे उघड्या उन्हात आहेत. मधे मधे केळीच्या रांगा, एवढीच काय ती सावली.

दुसरी गोष्ट नीट निरखल्यावर लक्षात येते. एकाच फांदीवर पांढरे फूल, हिरवे फळ, पिवळसर फळ आणि लालभडक पिकलेले फळ अशी सारी रूपे एकत्र नांदताना दिसतात. विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे येथे वर्षातून दोनदा पावसाळा येतो, झाडे अनेकदा फुलतात आणि फळेही एकाच वेळी पिकत नाहीत. किंदिओत वर्षअखेरीस मोठा हंगाम असतो, तर एप्रिल ते जूनच्या सुमारास 'मिताका' नावाचा लहान हंगाम येतो. परिणामी तोडणाऱ्याला त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते आणि प्रत्येक वेळी फक्त लाल फळच बोटांनी खुडावे लागते.

ब्राझीलमधील सपाट पठारांवर ही तोडणी यंत्रे करतात. कोलंबियाच्या उतारावर यंत्र उभेच राहू शकत नाही, आणि राहिले तरी त्याला हिरवे-लाल कळत नाही. कमरेला टोपली बांधून, घसरत्या मातीत पाय रोवून माणसेच तोडणी करतात. त्यांना मजुरी मिळते ती किलोवर. साधारण पाच ते सहा किलो फळांतून एक किलो कच्ची कॉफी निघते आणि भाजताना तिचे वजन आणखी घटते. ज्या उतारावर रिकाम्या हातांनी सायकल सांभाळताना स्वाराचे दंड भरून येतात, त्याच उतारावर हा मजूर दिवसभर भरलेली टोपली घेऊन वावरत असतो.

मग एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर त्याच उंचीत आहे. थंड रात्रींमुळे फळ सावकाश पिकते, बी घट्ट होते आणि तिच्यात गोडी व आंबटपणा यांचा तोल साधतो. उतार कॉफीला चव देतो आणि उतारच ती महाग करतो. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

गूळ, पेरू आणि सायकल

मळ्यावरील मुक्कामात फळ सोलण्याचे यंत्र, आंबवण्याची टाकी आणि वाळवणीची जागा दाखवली जाते. सोललेल्या बिया रात्रभर आंबवून धुतल्या जातात, मग उन्हात वाळवल्या जातात. अखेरीस हातात येतो तो 'तिंतो', म्हणजे साधी काळी कॉफी. उत्तम प्रतीचा माल निर्यात होत असल्याने, सामान्य कोलंबियन माणसाच्या कपात वर्षानुवर्षे निवडून बाजूला काढलेले दुय्यम बीच येत असे. मळ्यावर मिळणारी ताजी कॉफी म्हणूनच तेथील अनेकांनाही अपूर्वाईची वाटते.

मराठी पाहुण्याला येथे एक अनपेक्षित ओळख भेटते. तिंतोत घालायला 'पानेला' आणला जातो, आणि पानेला म्हणजे दुसरे काही नसून उसाच्या रसाचा गूळ! तो पाण्यात उकळून केलेले पेय हे तेथील कष्टकऱ्यांचे आणि सायकलपटूंचे जुने टॉनिक आहे. त्याच्या जोडीला पानात गुंडाळलेली पेरूची वडी असते. तिला 'बोकादियो' म्हणतात आणि ती सायकलस्वाराच्या खिशात हमखास सापडते.

सायकल हे येथे पर्यटकांसाठी आयात केलेले खूळ नव्हे. १९५१ पासून देशाची परिक्रमा करणारी सायकल शर्यत भरते. मारिकिता गावापासून लेट्रासच्या घाटमाथ्यापर्यंतचा सुमारे ८० किलोमीटरचा अखंड चढ सायकलपटूंच्या जगात दंतकथेसारखा सांगितला जातो. चढावर चिकाटीने सरकणाऱ्या कोलंबियन सायकलपटूंना 'एस्काराबाहो', म्हणजे भुंगेरे, असे लाडाचे नाव पडले आहे. १९८०च्या दशकात राष्ट्रीय कॉफी उत्पादक महासंघाने आपल्या कॉफीच्या नावाने सायकल संघच उभा केला. १९८४ मध्ये हौशी खेळाडू असलेल्या लुइस 'लुचो' एरेराने फ्रान्समधील 'तूर' शर्यतीचा आल्प द्युएझ हा प्रसिद्ध चढाचा टप्पा जिंकला आणि १९८७ मध्ये स्पेनची परिक्रमा शर्यत. पुढे २०१९ मध्ये एगन बर्नाल याने 'तूर द फ्रान्स'चे विजेतेपद मिळवले. तो तर मुळात माउंटन बाइकवरच घडलेला खेळाडू. कॉफी पिकवणारे डोंगर आणि सायकलपटू घडवणारे डोंगर एकच आहेत.

पाठीवरून चाकांवर

या डोंगरांतील प्रवासाचा इतिहास मात्र दुसऱ्यांच्या पाठीवरचा आहे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०१ मध्ये किंदिओची खिंड ओलांडून गेला, तेव्हा श्रीमंत प्रवासी पाठीला खुर्ची बांधलेल्या हमालांवर बसून हा घाट पार करीत. हुम्बोल्टने तसे बसण्यास नकार दिला आणि चिखलातून पायी वाट काढली. पुढे कॉफीची पोती खेचरांनी वाहिली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विलीस जीप आली. ती आजही येथे धावते आणि तिच्यावर घरदार लादून काढलेल्या मिरवणुका हा तेथील उत्सवांचा मानबिंदू आहे. सफरीच्या शेवटी नदीकाठी पोहोचलेल्या दमलेल्या स्वारांना आणि त्यांच्या सायकलींना पुन्हा गावात चढवून आणते तीही अनेकदा हीच जीप.

उतारावर उरणार कोण?

सफरीचा आनंद निखळ असला, तरी ज्या मळ्यांमधून ती जाते त्यांचे भवितव्य निश्चिंत नाही. १९८९ च्या जुलैत आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत कोसळली आणि भाव खुल्या बाजाराच्या स्वाधीन झाले. १९९९ च्या जानेवारीत आर्मेनिया शहराच्या परिसरात झालेल्या भूकंपात हजाराहून अधिक माणसे दगावली. २००१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफीचा भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली उतरला. याच पडत्या काळात अनेक मळेवाल्यांनी आपल्या घरांची दारे पाहुण्यांसाठी उघडली. किंदिओचे ग्रामीण पर्यटन हे सुबत्तेचे नव्हे, तर अडचणीचे अपत्य आहे.

त्यानंतर हवामानाने तडाखा दिला. अतिपावसाच्या वर्षांत तांबेरा रोग फैलावला आणि २००७ मध्ये ६० किलोची सुमारे १ कोटी २६ लाख पोती असलेले देशाचे उत्पादन २००९ मध्ये ७८ लाख पोत्यांवर आले. चिंचिना येथील १९३८ साली स्थापन झालेल्या कॉफी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या रोगप्रतिकारक जातींची मोठ्या प्रमाणावर लागवड झाल्यावरच ते सावरले. वाढत्या उष्म्याबरोबर खालच्या उंचीवरील मळ्यांत फळ पोखरणाऱ्या किडीचाही उपद्रव वाढतो. त्यामुळे कॉफी वर सरकू पाहते. पण वर मेणताडांची रानेही आहेत आणि नद्यांचे उगमही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हाच भाव पौंडाला ४ डॉलरच्या पुढे गेला. तरीही चढ्या भावाने तोडणीला हात मिळतातच असे नाही. शेतकऱ्यांचे सरासरी वय पन्नाशीपुढे गेले आहे आणि मुले शहरांकडे वळली आहेत. किंदिओतील कॉफीचे क्षेत्र गेल्या काही दशकांत बरेच आक्रसले असून, तिच्या जागी केळी, ॲव्होकॅडो, कुरणे आणि विश्रामगृहे आली आहेत. 'युनेस्को'ने २०११ मध्ये या भूप्रदेशाला 'कॉफीचा सांस्कृतिक भूप्रदेश' म्हणून जागतिक वारशाचा दर्जा दिला. मात्र असा वारसा किल्ल्यासारखा दगडात उभा नसतो. लाल फळ खुडायला माणूस येतो, तोवरच तो जिवंत असतो.

म्हणूनच सफर निवडताना एक प्रश्न आवर्जून विचारावा : दिवसाच्या पैशांतील वाटा मळ्याला मिळतो की मळा केवळ देखाव्यापुरता आहे? जिथे मळेवाला स्वतः कॉफी दाखवतो, भाजलेली कॉफी थेट विकतो आणि जेवणाची सोय पाहतो, तिथे एका पाकिटामागे त्याच्या हाती पडणारी रक्कम निर्यातीच्या पोत्यातील तेवढ्याच कॉफीपेक्षा बरीच अधिक असते. पर्यटन कॉफीची जागा घेणार की कॉफीला हात देणार, याचा निर्णय अशा लहान व्यवहारांतून होत असतो.

जाण्यापूर्वी

बोगोताहून आर्मेनियापर्यंत विमानाने आणि तेथून बसने तासाभरात सालेंतोला पोहोचता येते. डिसेंबर ते फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्ट हे महिने तुलनेने कोरडे असतात. दुपारच्या सरीची तयारी मात्र बाराही महिने हवी. उंचीची सवय होण्यासाठी पहिला दिवस विश्रांतीत घालवावा. हेल्मेट, हातमोजे आणि पावसाळी जाकीट बरोबर असावे. उतारावर शर्यत लावू नये. जो सावकाश उतरतो, त्यालाच रस्त्याकडेच्या फांदीवरचे लाल फळ दिसते आणि ते खुडणारा हातही.