मलिक अंबर: शिपाई आणि गृहस्थ

अहिल्यानगर शहरापासून जवळच असलेल्या भातवडीचं नाव इतिहासात गाजलं ते 1624 सालच्या एका लढाईमुळे. मुघल आणि आदिलशाही या दोन बलाढ्य फौजा एकत्र येऊनही निजामशाहीच्या वृद्ध वजिरासमोर तिथे त्यांची दाणादाण उडाली. हा वजीर मलिक अंबर. त्याची आठवण आपण बहुतेक वेळा दोनच गोष्टींनी काढतो: गनिमी कावा आणि औरंगाबादची नहर. या दोन्ही खऱ्या आहेत, पण त्या एका दीर्घ आयुष्याचं फळ आहेत, मूळ नव्हे. माझं म्हणणं असं आहे की, अंबर समजून घ्यायचा असेल तर त्याच्या युद्धनीतीच्या आधी त्याच्या घराकडे पाहिलं पाहिजे. लहानपणी ज्याला विकलं गेलं, ज्याला आईबाप, गाव, मूळ नाव यांपैकी काहीच स्वतःजवळ ठेवता आलं नाही, त्या माणसाने पुढे घर उभं केलं, लेकीबाळींच्या मानासाठी तो उभा राहिला आणि ज्यांची इथे घरं होती अशा माणसांना घेऊन लढला. त्याचं शिपाईपण आणि त्याचं गृहस्थपण वेगळं करता येत नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगायला हवी. 1548च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. मोखा, बगदाद असा फिरत तो दख्खनमध्ये आला. बगदादच्या मालकाने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. 1570च्या दशकाच्या सुरुवातीला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगीझखान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम, आणि त्याच्या पदरी हजारभर हबशी होते. निजामशाहीची स्थापना, चांदबिबीचा लढा, अकबराची मोहीम ही सारी कथा वाचकांना ठाऊक आहे. तिच्यातलं एवढंच ध्यानात ठेवावं की ऑगस्ट 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती गेला आणि राजधानी नसलेलं एक राज्य मागे उरलं.

खरी गोष्ट मधल्या पंचवीस वर्षांत आहे, आणि बहुतेक चरित्रं ती एका ओळीत उरकतात. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. अंबरचं लग्न झालं. मग तो मोकळा शिपाई म्हणून चाकरी शोधत निघाला, विजापुरात छोट्या तुकडीचा नायक झाला, आणि ‘मलिक’ हा किताबही त्याला तिथेच मिळाला. 1595 मध्ये निजामशाहीत यादवी माजली असताना तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर अवघे दीडशे स्वार होते आणि वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलेलं होतं. त्या वर्षअखेरीस मुघलांनी अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा वेढा फोडून बाहेर पडणाऱ्यांत तो होता. म्हणजे ज्या वयात बहुतेक सरदारांची कारकीर्द ठरून गेलेली असते, त्या वयात अंबरची सुरू होत होती. वंशाचा, वतनाचा किंवा भाऊबंदांचा आधार त्याला नव्हता. एकेक माणूस जोडत त्याने दीडशेचे काही हजार केले. मुरब्बी शिपायाची ही कमाई आहे. तरुण साहसाने ती होत नाही.

1600 नंतर अंबरने निजामशाही घराण्यातल्या मुर्तझाला परांड्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. यावर आक्षेप सरळ आहे. हे लग्न राजकारण होतं. सत्तेवर पकड ठेवण्यासाठी मुलीचा वापर झाला, आणि 1610 मध्ये सुलतानाशी बिनसलं तेव्हा त्याला विष दिलं गेलं. मग यात गृहस्थपण कुठे आहे? आक्षेप टाळण्यासारखा नाही. सुलतानाचा मृत्यू अंबरच्या नावावरच मांडला जातो आणि ते योग्य आहे. पण भांडणाचं कारण काय सांगितलं गेलं, ते पाहण्यासारखं आहे. 1617 मध्ये अंबरला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रुके या डच व्यापाऱ्याने ते नोंदवलं आहे: सुलतानाच्या थोरल्या इराणी पत्नीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं आणि तिथून ठिणगी पडली. ही नोंद ऐकीव आहे, घटनेनंतर सात वर्षांनी केलेली आहे, आणि राजकीय कारणंही होतीच. तरीही दरबारापासून बाजारापर्यंत लोकांना हेच कारण पटण्याजोगं वाटलं, हा पुरावा हलका नाही. गुलामाच्या मुलाबाळांवर मालकाचा हक्क असतो. गुलामीतून सुटलेल्या माणसासाठी लेकीचा अपमान हा खासगी मामला राहत नाही, कारण त्याने कमावलेलं सारं त्यात नाकारलं जातं. कृत्य त्यामुळे क्षम्य होत नाही, पण समजतं.

दुसरा पुरावा दगडात आहे. खुलताबादेत जर जरी जर बक्षांच्या दर्ग्याजवळ अंबरची घुमटाची कबर आहे आणि जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिची थोडी लहान कबर. कोणी म्हणेल, सरदाराच्या बेगमेला मकबरा ही त्या काळची रीतच होती, त्यावरून पतीच्या निष्ठेचं अनुमान कसं काढायचं? रीत होती हे मान्य. पण रीत घराणेदारांची होती. ज्याच्या वंशाची नोंद कुठल्याही बखरीत नाही, त्याच्यासाठी पत्नीसह एका जागी चिरविश्रांती घेणं म्हणजे आपण घराण्याचे मूळपुरुष आहोत असं सांगणं आहे. बीबी करीमा कशी होती, काय बोलली, हे कागदांनी टिपलं नाही, तसं तिच्या काळातल्या बहुतेक शिपायांच्या बायकांचंही टिपलं नाही. तिची कबर मात्र नावानिशी ओळखली जाते.

आता भातवडी. विजापूरची फौज मुल्ला मुहम्मद लारीच्या नेतृत्वाखाली मुघलांच्या मदतीला बुऱ्हाणपूरकडे गेली, तेव्हा अंबर आदिलशाही मुलखात घुसला आणि खुद्द विजापूरला जाऊन भिडला. लारीला परत बोलावणं आलं आणि त्याच्याबरोबर मुघल सरदार लष्करखानही निघाला. अंबर मागे सरला, पण पळाला नाही. त्याने शत्रूला आपल्या ओळखीच्या जमिनीवर आणलं. भातवडीच्या तलावाचं पाणी त्याने सोडलं. आधीच पावसाने भिजलेल्या मातीत तोफा, हत्ती आणि बाजारबुणगे रुतले. रसद तोडली गेली. रात्री छापे पडू लागले. उपाशी शिपाई विजापूरची छावणी सोडून अंबरकडे येऊ लागले आणि तिथे त्यांना खायला मिळत होतं. निर्णायक हल्ला झाला तेव्हा समोरची फौज आतून पोखरलेली होती. मुल्ला मुहम्मद मारला गेला आणि मुघल व विजापुरी सरदार मोठ्या संख्येने कैद झाले. अंबर तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होता. तलाव फोडण्याची हिकमत लोक सांगतात, पण मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट अन्नाची वाटते. कोणती वाट चिखलाची, कोणत्या गावात दाणा आहे, तो कोण देईल, हे ज्याला ठाऊक, त्यालाच अशी लढाई जमते.

ही माहिती अंबरला दिली ती इथे घरं असलेल्या माणसांनी. त्याच्या फौजेत मराठे स्वार मोठ्या संख्येने होते. भातवडीत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले. ‘शिवभारता’त परमानंदाने या लढाईचं वर्णन करताना अंबरचं शौर्यही मोकळेपणाने गौरवलं आहे. आणि ही माणसं नुसत्या पगारावर टिकली नव्हती. महसुलाची मक्तेदारी मोडून थेट गावाशी, पिकाच्या वाट्यावर करार करण्याची जी व्यवस्था अंबरच्या नावावर सांगितली जाते, तिच्यामुळे रयतेचा आणि पाटलाचा जमिनीशी संबंध पक्का झाला. ज्याला स्वतःचं गाव उरलं नव्हतं, त्याला गावाचं मोल बरोबर कळलं होतं.

यावर शेवटचा आणि सर्वांत भक्कम आक्षेप असा की, हे सारं टिकलं कुठे? शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधव आधीच मुघलांकडे गेले होते आणि भातवडीत जावई-सासरे समोरासमोरच्या बाजूंना होते. लढाईनंतर थोड्याच काळात शहाजीराजेही विजापूरला गेले. 1616 मध्ये मुघलांनी अंबरने वसवलेली खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, जाळली होती. मे 1626 मध्ये अंबर वारला, त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, सुलतानाचाच बळी घेतला, 1633 मध्ये दौलताबाद गेलं आणि 1636 मध्ये निजामशाही संपली. हे सगळं खरं आहे. पण हा आक्षेप अंबरच्या विरोधात जितका जातो तितकाच त्याच्या बाजूने. एक माणूस गेल्यावर दहा वर्षांत जे कोसळलं, ते आधी पंचवीस वर्षं त्याच माणसाने तोलून धरलं होतं. आणि जे टिकलं, ते राज्यापेक्षा खोल होतं: या प्रदेशात लढण्याची रीत, आणि मोठ्या बादशाहीसमोर न झुकता उभं राहता येतं हा अनुभव. शहाजीराजांनी तो जवळून घेतला होता. पुढच्या पिढीने त्याचं काय केलं, ते महाराष्ट्राला सांगायला नको.

मुघल बादशहा जहांगीर अंबरचा इतका तिरस्कार करत असे की, त्याने अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर स्वतः बाण मारत असल्याचं चित्र अबुल हसनकडून काढून घेतलं. ते प्रत्यक्षात कधीच घडलं नाही. आणि त्याच दरबाराच्या मुतमदखानाने अंबरच्या मृत्यूनंतर लिहिताना युद्धात, नेतृत्वात आणि कारभारात त्याला जोड नव्हती, हे कबूल केलं. शत्रूने दिलेला हा दाखला पुरेसा आहे. आपल्या जिल्ह्याने मात्र त्याची आठवण अजून लढाईच्या तारखेपुरती ठेवली आहे. शेवगाव तालुक्यातल्या अमरापूरशी त्याच्या अखेरच्या दिवसांचा संबंध जोडला जातो आणि भातवडी इथेच आहे. मुलांना ती ठिकाणं दाखवताना तलाव फोडल्याची गोष्ट जरूर सांगावी. पण त्याआधी सांगावं की, बाजारात विकला गेलेला एक मुलगा इथे आला, शिपाई झाला, नवरा झाला, बाप झाला, आणि म्हणूनच दुसऱ्यांच्या घरांसाठी कसं लढायचं हे त्याला कळलं.