आणीबाणी पवनारच्या दारात

केळझरहून सेलूमार्गे वर्ध्याकडे निघालं, की धाम नदीकाठी पवनार लागतं. विनोबांचा आश्रम इथलाच.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. पहाटेच विनोबांचे जुने सहकारी जयप्रकाश नारायण दिल्लीत पकडले गेले. मौनात असलेल्या विनोबांच्या ‘अनुशासन पर्व’ या दोन शब्दांचा सरकारने मात्र आणीबाणीच्या समर्थनासाठी भरपूर वापर करून घेतला.

तरीही जून १९७६मध्ये पोलीस आश्रमात शिरले आणि ‘मैत्री’ मासिकाच्या प्रती उचलून नेल्या. त्यांत गोहत्याबंदीसाठी विनोबांच्या उपोषणाची घोषणा होती!

आश्रमाबाहेर तर ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्यांना दाद मागण्याचा हक्कही २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. सरन्यायाधीशपदासाठी त्यांना जानेवारी १९७७मध्ये डावललं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.