बाटलीची जर्सी

३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या (ता. आष्टी) अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ही शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत संपवून रौप्यपदक मिळवले. बीड जिल्हा कापूस पिकवणारा, पण भिजून धावताना सुती बनियन कामाचे नाही. कापूस दमट हवेतूनच वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून धावपटूंच्या जर्सी बहुधा पॉलिएस्टरच्या असतात.

पाण्याची बाटली ज्या पेट प्लास्टिकची असते, तेही पॉलिएस्टरच. भंगारातल्या बाटल्या रंगांनुसार निवडतात, झाकणे व लेबले काढून त्यांचे तुकडे करतात आणि ते गरम पाण्यात धुतात. मग ते कडकडीत वाळवावे लागतात. ओल राहिली तर वितळताना रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि धागा कमजोर होतो. सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या वर वितळलेला रस बारीक छिद्रांतून दाबला की तंतू निघतात. ताणल्यावर त्यांना बळकटी येते. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात नायकीने अशा जर्सी पुरवल्या. एकीला आठपर्यंत बाटल्या लागत.

‘पर्यावरणस्नेही’ हे लेबल मात्र जरा जपूनच वाचावे. धुताना या कापडातूनही सूक्ष्म प्लास्टिकतंतू सुटतात. शिवाय बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. स्पँडेक्स मिसळलेल्या जर्सीची पुन्हा जर्सी करणे फार अवघड.