साम्राज्याकडचे येणे: किती आले, किती आटले

1946 साली ब्रिटनकडून भारताला 130 कोटी पौंडांहून अधिक येणे होते. तेव्हाच्या दराने ही रक्कम सतराशे कोटी रुपयांच्या वर जात होती. गुलाम देश धनको आणि त्याचा राज्यकर्ता ऋणको, अशी ही स्थिती. या पैशाबद्दल आजही दोन टोकांची मते ऐकू येतात. काही म्हणतात, इंग्रजांनी तो सगळा बुडवला. काही म्हणतात, युद्धात भारताची चांदी झाली. दोन्ही मते चुकीची आहेत, पण त्यांच्याही आधी आणखी एक समज दूर करायला हवा.

समज: साम्राज्याची तिजोरी एकच होती, मग हिशेब कसला?

तिजोऱ्या दोन होत्या आणि त्यांच्यातला वाद शंभर वर्षे चालला. 1857 चा उठाव मोडण्याचा खर्च भारताच्या माथी मारला गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश 1874 पर्यंत भारताच्याच महसुलातून दिला जाई. तुर्कस्तानचा सुलतान 1867 मध्ये लंडनला आला. त्याच्या सन्मानार्थ तिथून भारताचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिसात नृत्यसमारंभ झाला आणि त्याचेही बिल भारताच्या नावावर लिहिले गेले.

कायदा नव्हता असे नाही. सरहद्दीबाहेरच्या लष्करी मोहिमेसाठी भारताचा पैसा पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून वापरता येणार नाही, असे कलम 1858 च्या कायद्यात होते. अपवाद फक्त आक्रमणाचा किंवा तातडीच्या गरजेचा. 1867 मध्ये मुंबई लष्कराचे सेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली फौज ॲबिसिनियाला निघाली, तेव्हा पार्लमेंटने रीतसर संमती दिली. जादा खर्च ब्रिटनने उचलला, पण सैन्याचा नेहमीचा पगार भारताकडेच ठेवला. सैनिक भारतात नव्हते आणि भारताचे कामही करत नव्हते, तरी त्यांच्या पगाराचा भार भारतावरच राहिला. कलमाचे अक्षर पाळले गेले आणि त्याचा हेतू मोडला गेला, असेच मी म्हणेन.

भारतात येणारा प्रत्येक गोरा सैनिक इंग्लंडमध्ये तयार होई, म्हणून त्याच्या शिक्षणाचा खर्च माणशी दराने भारताकडून वसूल केला जाई. 1890 मध्ये हा दर साडेसात पौंड होता, 1908 मध्ये तो अकरा पौंड आठ शिलिंग झाला. हीच फौज साम्राज्याच्या इतर कामांनाही हाताशी असे, हा भारताचा आक्षेप होता. भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे 1897 मध्ये पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले साक्ष द्यायला लंडनला गेले. या खर्चावर भारतीय करदात्याचे काहीच नियंत्रण नाही, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. दादाभाई नौरोजी त्या आयोगाचे सदस्य होते. त्यांनी वेडरबर्न आणि केन या सहसदस्यांसह वेगळा अहवाल दिला. बहुमताच्या अहवालातून मिळाले थोडेच: सैन्यवाहतुकीच्या आणि एडनच्या खर्चात ब्रिटनचा वाटा, अशा काही सवलती. पुढे 1933 मध्ये ऑस्ट्रेलियाचे सर रॉबर्ट गॅरन यांच्या लवादानंतर ब्रिटनने भारताच्या संरक्षणखर्चाला वर्षाला पंधरा लाख पौंड द्यायचे कबूल केले. साम्राज्याच्या फौजेचा भार एकट्या भारताने वाहणे न्यायाचे नाही, हे मान्य व्हायला इतकी वर्षे लागली.

समज: दुसऱ्या महायुद्धात भारताची चांदी झाली

हा समज सर्वांत घातक आहे, कारण त्यातले आकडे खरे असतात. नोव्हेंबर 1939 मध्ये दोन सरकारांत करार झाला. शांततेच्या काळातला संरक्षणखर्च म्हणून 36.77 कोटी रुपये, त्यावर महागाईची भर, निव्वळ भारताच्या हिताच्या युद्ध-उपायांचा खर्च आणि परदेशातल्या फौजेसाठी एकरकमी एक कोटी एवढे भारताने द्यायचे. उरलेले ब्रिटनने सोसायचे. आधीच्या शतकाच्या तुलनेत हा करार भारताला बराच न्याय देणारा होता.

पण ब्रिटनने पैसे कसे दिले? भारतात कापड, ताग, धान्य, शस्त्रे आणि माणसे यांच्यासाठी लागणारे रुपये भारत सरकारने खर्च केले. त्याबद्दलचे पौंड लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यात जमा झाले. ते पौंड युद्धकाळात मालखरेदीसाठी फारसे खर्चता येत नव्हते. मात्र कायद्याने ते चलनाला तारण म्हणून चालत, म्हणून त्यांच्या बळावर इथे नोटा छापल्या गेल्या. 1939 मध्ये सुमारे 180 कोटींच्या नोटा फिरत होत्या, युद्धाच्या शेवटी त्या बाराशे कोटींच्या आसपास गेल्या. माल देशाबाहेर किंवा छावण्यांत गेला आणि त्याच्या बदल्यात बाजारात फक्त कागद आला. भाव भडकले. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे गेली असा अंदाज आहे. त्याला कारणे अनेक, पण ही भाववाढ त्यांतली मोठी होती. लंडनच्या खात्यातला प्रत्येक पौंड इथे कुणीतरी कमी खाऊन, कमी नेसून जमा केलेला होता. या खात्याला नफा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

समज: ब्रिटनने हे पैसे बुडवले

बुडवायची इच्छा मात्र होती. भारताचे रक्षण आम्ही केले, तेव्हा आमचाही उलट दावा आहे, असा चर्चिल यांचा सूर होता. डिसेंबर 1945 च्या अमेरिकी कर्जकरारात, विविध देशांच्या स्टर्लिंग शिलकांपैकी, म्हणजे लंडनमध्ये साठलेल्या अशा पौंडांपैकी, काही भाग ‘समायोजित’ करण्याची, म्हणजे सोडून द्यायला लावण्याची, तरतूदही लिहिली गेली. भारताने हे मानले नाही. जुलै 1944 मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने या शिलकांचा प्रश्न आधीच मांडला होता. त्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख होते. त्या परिषदेत ठरलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने हा प्रश्न हाती घेतला नाही, पण जगासमोर येणे नोंदले गेले.

ऑगस्ट 1947 च्या करारावेळी सुमारे 116 कोटी पौंड शिल्लक होते. त्यातले साडेसहा कोटी मोकळे झाले, बाकीचे गोठलेल्या खात्यात राहिले. जुलै 1948 मध्ये मोठी वजावट झाली. ब्रिटनने इथे सोडलेल्या लष्करी साहित्यासाठी दहा कोटी पौंड आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी 16.8 कोटी पौंड कापले गेले. निवृत्तिवेतन हे नौरोजी-गोखल्यांनी वर्षानुवर्षे आक्षेप घेतलेल्या ‘होम चार्जेस’मधले, म्हणजे भारताने दरवर्षी इंग्लंडमध्ये भरायच्या खर्चातले, एक मोठे कलम. स्वतंत्र देशाने ते आपल्या येण्यातून एकदम चुकते केले.

इथेच एक गोंधळ दूर करायला हवा. जानेवारी 1948 मध्ये गाजलेले पाकिस्तानचे 55 कोटी रुपये या पौंडांतले नव्हते. ते अखंड भारताच्या रोख शिलकेच्या वाटणीतल्या 75 कोटींपैकी होते. त्यातले 20 कोटी आधीच दिले गेले होते. स्टर्लिंग शिलकेतला पाकिस्तानचा वाटा वेगळा ठरला.

त्यानंतर सप्टेंबर 1949 मध्ये ब्रिटनने पौंडाचा दर 4.03 डॉलरवरून 2.80 डॉलरवर आणला. खात्यातले पौंड तेवढेच राहिले, पण अमेरिकेतून धान्य किंवा यंत्रे घ्यायची तर त्यांची किंमत एका फटक्यात तीस टक्क्यांनी घटली. कोणताही दावा न करता, कोणतीही वजावट न मागता झालेले हे नुकसान मला 1948 च्या वाटाघाटींपेक्षा जास्त सलते.

तरीही उरलेले पैसे आले. ते टप्प्याटप्प्याने सोडले गेले आणि अन्नधान्यावर व पहिल्या पंचवार्षिक योजनेत कामी आले. त्या योजनेच्या काळात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखच होते. दुसरी योजना 1956 मध्ये सुरू झाली आणि पोलादकारखान्यांच्या यंत्रसामग्रीची आयात वाढली, तेव्हा पहिल्या दोन वर्षांतच ही गंगाजळी झपाट्याने आटली.