मातीविना सांबार : आधी पाणी तपासा



हायड्रोपोनिक्स म्हटलं की मुलं लगेच डबे जमवतात आणि खत कोणतं ते विचारतात. खताची घाई नको. बियातच पहिल्या काही दिवसांचा शिधा भरलेला असतो. तोवर बियाला हवं फक्त पाणी, हवा आणि ऊब. आपल्या वऱ्हाडात गाडी अडते ती पाण्यावरच.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. दर्यापूर-अकोटकडच्या मुलांना बोअरच्या पाण्याची चव सांगावी लागत नाही. अशा पाण्यात बी वरून ओलं दिसतं, पण आत पुरेसं पाणी शिरत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातलं परासरण ते हेच. मूल मात्र म्हणतं, "सर, माझं बी खराब निघालं." आमच्या वर्गात एकदा अख्खी रांग अशी गेली, आणि मीही आधी बियाणंवाल्यालाच बोल लावला होता.

म्हणून आधी तीन वाट्या मांडा. एकीत पावसाचं पाणी, दुसरीत बोअरचं, तिसरीत लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ घातलेलं. प्रत्येकीत ओल्या कापसावर 20 मेथीदाणे ठेवा. बुडवू नका, हवा मिळत नाही. तिसऱ्या दिवशी मोड मोजा. शेकडेवारीचा पाठ आयताच होतो.

पाणी ठरलं की सांबार घ्या. अख्खा धना म्हणजे फळ, त्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलकेच रगडून फाका करा, रात्रभर भिजवा आणि स्पंजच्या इंचभर तुकड्यात चीर देऊन ठेवा. मेथीसारखा तो तिसऱ्या दिवशी उगवत नाही, आठ-दहा दिवस लागतात. मुलं रोज उकरून बघतात, तेवढं सांभाळा!

मोड आले की डब्याच्या झाकणाला भोकं पाडून तुकडे बसवा. पाणी स्पंजच्या तळाला जेमतेम टेकावं. मुळं खाली उतरली की पातळी थोडी कमी ठेवा, म्हणजे वरच्या मुळांना हवा मिळते. डब्याला काळा कागद गुंडाळा, नाहीतर शेवाळ धरतं. डाळींनंतर नक्षीदार खरी पानं दिसली की मगच पाण्यात विरघळणारं खत, तेही अगदी पातळ करून द्या.

शाळा उघडल्यावर पावसाचं पाणी साठवून मेथी करा. सांबार दिवाळीनंतर. एप्रिल-मे महिन्यांत डब्यातलं पाणीच तापतं, तेव्हा नादी लागू नका.