इथिओपियाच्या माथ्यावर रेबीज

इथिओपिया उष्ण कटिबंधातला देश. तरी आफ्रिकेतील ३००० मीटरहून उंच जमिनीचा बहुतांश भाग तिथेच आहे. बाले पर्वतातले सानेत्ती पठार सुमारे ४००० मीटरवर. दिवसा कडक ऊन, रात्री पाणी गोठवणारी थंडी. गवत, झुडपे आणि माणसाहून उंच लोबेलिया. मात्र ही उंच जमीन सलग नाही. सखल प्रदेशाने वेढलेल्या बेटांसारखी ती विखुरली आहे, आणि खालून बार्लीची शेते व गुरे वर सरकत असल्याने आक्रसते आहे.

गुरांबरोबर राखणीची कुत्री येतात आणि कुत्र्यांबरोबर रेबीज. या माळावर घुशी-उंदरांवर जगणारे प्रौढ इथिओपियन लांडगे जगात ५००हून कमी उरले आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक बालेत. ते कळपाने राहतात, त्यामुळे एकाला लागण झाली की कळपच्या कळप जातो. २००३ आणि २००८मध्ये बालेत हेच घडले.

उपाय आपल्या ओळखीचाच, गावातल्या कुत्र्यांचे लसीकरण. त्याने माणसेही वाचतात, हे विसरू नये. २०१८पासून लांडग्यांसाठीही तोंडावाटे द्यायची लस आली. बकऱ्याच्या मांसाच्या तुकड्यात दडवून ती रात्री त्यांच्या वावराच्या जागी ठेवली जाते.