विक्रांत ते विक्रांत : भारतीय विमानवाहू युद्धनौकांची वाटचाल आणि अखेर

भारतीय नौदलात आजवर चार विमानवाहू युद्धनौका दाखल झाल्या. त्यांपैकी पहिल्या तिन्ही परदेशात, परक्या नौदलांसाठी बांधायला घेतलेल्या होत्या, तर चौथी कोचीच्या गोदीत भारतीय हातांनी आकाराला आली. या चार जहाजांच्या इतिहासात समुद्रावरून विमाने उडवण्याची विद्या एका नवस्वतंत्र देशाने कशी आत्मसात केली हे दिसते, तसेच निवृत्त झालेल्या जहाजांची जपणूक करण्यात आपण कसे कमी पडलो हेही दिसते. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय हा आढावा पूर्ण होत नाही.

पहिली विक्रांत

दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू नौकांचे महत्त्व सिद्ध झाल्यावर ब्रिटनने मध्यम आकाराच्या नौका झपाट्याने बांधायला घेतल्या. त्यांतील ‘हर्क्युलिस’ या नौकेची कील, म्हणजे जहाजाचा तळाकडचा मुख्य कणा, १९४३ मध्ये टाईन नदीकाठच्या गोदीत बसवण्यात आली आणि सप्टेंबर १९४५ मध्ये तिचे जलावतरण झाले. परंतु तोवर युद्ध संपले होते आणि पुढच्याच वर्षी तिचे काम अर्ध्यावर थांबवण्यात आले. दहा वर्षांहून अधिक काळ पडून राहिलेले हे अपूर्ण जहाज भारताने १९५७ मध्ये विकत घेतले आणि बेलफास्ट येथे ते पूर्ण करवून घेतले.

हा विलंब भारताच्या पथ्यावर पडला, कारण मधल्या काळात जेट विमाने आली होती आणि त्यांना पेलणाऱ्या सुधारणा बांधणीतच करून घेता आल्या. त्यांतील पहिली सुधारणा म्हणजे तिरकी धावपट्टी. उतरण्याची पट्टी जहाजाच्या मध्यरेषेशी कोन करून आखलेली असल्यामुळे, विमानाच्या शेपटीकडचा आकडा पट्टीवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अडकला नाही, तरी वैमानिकाला समोर उभ्या विमानांवर न आदळता पुन्हा झेप घेता येते. दुसरी सुधारणा म्हणजे वाफेच्या दाबाने विमानाला काही सेकंदांत उड्डाणाचा वेग देणारे यंत्र, म्हणजेच कॅटापुल्ट. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे, ब्रिटनमधील तत्कालीन भारतीय उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत, ही नौका ‘विक्रांत’ या नावाने नौदलात दाखल झाली. कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू तिचे पहिले कप्तान होते. सुमारे १९,५०० टन विस्थापनाची, म्हणजे तितक्या वजनाचे पाणी बाजूला सारणारी, ही नौका ब्रिटिश बनावटीची सी हॉक लढाऊ विमाने आणि पाणबुड्यांचा माग काढणारी फ्रेंच अलिझे विमाने घेऊन नोव्हेंबर १९६१ मध्ये मुंबईत आली, तेव्हा पंतप्रधान जवाहरलाल नेहरू तिच्या स्वागताला उपस्थित होते.

त्यानंतर दीड महिन्यातच गोवामुक्तीची कारवाई झाली आणि बाहेरच्या आरमाराने हस्तक्षेप करू नये म्हणून विक्रांत पश्चिम समुद्रात गस्तीवर राहिली. या कारवाईचा एक दूरगामी परिणाम असा झाला, की मुक्त गोव्यातील दाबोळीचा विमानतळ नौदलाला मिळाला आणि ‘हंसा’ हा तळ तेथे हलवल्यावर पुढच्या सर्व विमानवाहू नौकांवरील विमानांचे किनाऱ्यावरचे घर कायमचे गोव्यात वसले. १९६५ च्या युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत होती. तरीही ती बुडवल्याचा दावा पाकिस्तानने केला.

तिची खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. आदल्या वर्षीच तिच्या बॉयलरच्या भागांना तडे गेल्याचे आढळले होते. बॉयलर कमकुवत झाला की वाफ कमी, वाफ कमी झाली की वेग कमी आणि वेग कमी झाला की समोरून येणारा वाराही कमी पडतो. अशा जहाजावरून विमान उडवणे अतिशय जोखमीचे असते. असे असूनही, मर्यादित वेगाने का होईना, ती युद्धात उतरवण्याचा निर्णय नौदलाने घेतला, तिला पूर्व किनाऱ्याकडे नेले आणि अंदमानच्या आडोशाला ठेवले. तिच्या शोधात आलेली पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री बुडाली. ४ डिसेंबरपासून विक्रांतवरील विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव, खुलना आणि मोंगला या ठिकाणांवर हल्ले चढवले, बंदरे आणि धावपट्ट्या निकामी केल्या आणि पूर्व पाकिस्तानातील सैन्याची समुद्रमार्गे सुटकेची वाट बंद केली. या कामगिरीबद्दल विक्रांतचे कप्तान स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळाले. विमानवाहू नौकेवर एवढा खर्च कशासाठी, या तेव्हाच्या प्रश्नाला मिळालेले हे प्रत्यक्ष उत्तर होते.

विराट आणि सी हॅरियरचे पर्व

१९८३ मध्ये अगदी थोड्या अंतरात उड्डाण करणारी आणि सरळ खाली उतरू शकणारी सी हॅरियर विमाने नौदलात आली आणि विमानवाहू नौकांचे तंत्रच बदलले. या विमानांना कॅटापुल्टची गरज नव्हती. पट्टीचे पुढचे टोक वर उचलून केलेला चढ, ज्याला स्की जंप म्हणतात, त्यावरून ती अधिक वजन घेऊन झेपावत. म्हणून विक्रांतवरचे कॅटापुल्ट काढून तेथे असा चढ बांधण्यात आला.

याच काळात दुसरी नौका आली. १९४४ मध्ये बांधायला घेतलेली आणि १९५९ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झालेली ‘हर्मिस’ १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख जहाज होती. भारताने ती विकत घेतली, तिची डागडुजी करवून घेतली आणि मे १९८७ मध्ये ती ‘विराट’ नावाने दाखल झाली. त्यानंतरची सुमारे दहा वर्षे भारताकडे दोन विमानवाहू नौका होत्या, आणि विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाल्यावर पुढची सोळा वर्षे विराटने तो भार एकटीने वाहिला. १९९३ मध्ये इंजिनकक्षात पाणी शिरण्याचा अपघात झाला, तरी त्यातूनही ती सावरली. भारतीय सेवेत तिने सुमारे ५ लाख ८८ हजार सागरी मैलांचा प्रवास केला आणि ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत ध्वज उतरवला, तेव्हा ती जगातील सर्वांत जुनी कार्यरत विमानवाहू नौका होती.

विक्रमादित्य आणि नवी विक्रांत

तिसऱ्या नौकेसाठी भारत रशियाकडे वळला. सोव्हिएत काळात काळ्या समुद्राजवळ मिकोलाइव येथे बांधलेली ‘बाकू’ ही नौका १९८७ मध्ये सोव्हिएत नौदलात आली, पुढे ‘अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह’ झाली आणि १९९६ मध्ये सेवेबाहेर गेली. २००४ च्या करारानुसार जहाज विनामूल्य मिळणार होते आणि पुनर्बांधणीसाठी ९७ कोटी ४० लाख डॉलर द्यायचे होते. पण काम सुरू झाल्यावर जहाज अपेक्षेपेक्षा कितीतरी जीर्ण निघाले, वेळापत्रक वर्षानुवर्षे लांबले आणि फेरवाटाघाटींनंतर किंमत सुमारे २.३ अब्ज डॉलरवर गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती ‘विक्रमादित्य’ म्हणून दाखल झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये कारवारला पोहोचली. सुमारे ४५,००० टनांच्या या नौकेवरून मिग-२९के विमाने स्की जंपवरून उडतात आणि आडव्या तारांच्या साहाय्याने उतरतात.

या व्यवहाराने एक धडा दिला, तो असा की दुसऱ्याचे जुने जहाज स्वस्त भासले, तरी त्याचे खरे मोल पत्रे उघडल्यावरच कळते. नवी विक्रांत बांधण्याचा निर्णय या धड्याच्या आधीच झालेला होता, पण त्याचे शहाणपण या अनुभवाने पटले. रशियाकडून मिळणारे विशेष पोलाद वेळेवर मिळेना, तेव्हा डीआरडीओ आणि भारतीय पोलाद प्राधिकरण यांनी मिळून युद्धनौकेच्या दर्जाचे पोलाद देशातच तयार केले, आणि त्याचा उपयोग पुढे इतर युद्धनौकांनाही झाला. कोचीन शिपयार्डमध्ये २००९ साली कील बसवलेली, २०१३ साली पाण्यात उतरलेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नौदलात दाखल झालेली ही २६२ मीटर लांबीची नौका सुमारे २० हजार कोटी रुपये खर्चून उभी राहिली. त्याच समारंभात नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले आणि त्यावरील अष्टकोनी चिन्ह छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेले असल्याने मराठी मनाला हा प्रसंग विशेष जवळचा वाटला. विमानांसाठी मात्र परावलंबन सरलेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-एम विमाने घेण्याचा करार फ्रान्सशी झाला आहे.

अखेरीचा प्रश्न

या नौकांच्या सेवाकाळाइतकाच त्यांचा शेवटही महाराष्ट्राशी जोडलेला आहे. निवृत्तीनंतर पहिली विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून ठेवण्यात आली, लोक तिच्यावर जाऊन आले, शाळांच्या सहली गेल्या. परंतु कायमची जागा, नियमित निधी आणि जबाबदार संस्था या तीनही गोष्टी कधीच एकत्र आल्या नाहीत. राज्य सरकारने योजना आखल्या, खासगी भागीदार शोधले, पण काहीच तडीस गेले नाही आणि २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव ती बंद झाली. लिलावात सुमारे ६० कोटी रुपयांना विकल्यावर तिला वाचवण्यासाठी न्यायालयात याचिका झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मार्ग मोकळा केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. तिच्या पोलादातून मुंबईत लायन गेटजवळ एक स्मारकशिल्प उभे आहे, आणि काही पोलाद बजाज कंपनीच्या ‘व्ही’ या मोटारसायकलीत वापरले गेले.

विराटच्या बाबतीत हेच पुन्हा घडले, आणि अधिक खेद याचा की विक्रांतचा अनुभव ताजा असताना घडले. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातील निवतीजवळ संग्रहालय आणि सागरी साहस केंद्र उभारण्यासाठी ८५२ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. पण तो कागदावरच राहिला. सुमारे ३८.५ कोटी रुपयांना विकली गेलेली विराट सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईहून गुजरातेतील अलंगला ओढून नेण्यात आली आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडणीला स्थगिती देऊनही शेवटी ती वाचली नाही, कारण तोवर बराचसा भाग कापला गेला होता.

जहाज जपणे सोपे नाही हे मान्यच केले पाहिजे. खाऱ्या पाण्यात पोलाद अखंड गंजते, ठरावीक काळाने सुक्या गोदीत नेऊन तळ दुरुस्त करावा लागतो आणि तिकिटांच्या उत्पन्नातून हा खर्च क्वचितच भागतो. ब्रिटनसारख्या आरमारी परंपरेच्या देशालाही आपली एकही मोठी विमानवाहू नौका राखता आलेली नाही. तरीही अमेरिकेत ‘इंट्रेपिड’ न्यूयॉर्कला, ‘मिडवे’ सॅन दिएगोला आणि ‘यॉर्कटाउन’ चार्ल्स्टनजवळ लोकांसाठी खुल्या आहेत, आणि विक्रमादित्यच्याच वर्गातील मूळ सोव्हिएत नौका ‘किएव’ चीनमध्ये तिआनजिनला पर्यटनस्थळ म्हणून उभी आहे. या उदाहरणांतून हेच दिसते की निधी, जागा आणि व्यवस्थापन यांचा निर्णय जहाज निवृत्त झाल्यावर नव्हे, तर निवृत्तीच्या आधी व्हावा लागतो, कारण धक्क्यावर बिनकामाचे उभे राहिलेले प्रत्येक वर्ष जहाजाला अधिक जीर्ण करते आणि दुरुस्तीचा खर्च वाढवत जाते.

विक्रमादित्य आज सेवेत आहे. ती निवृत्त होईल तेव्हा तिचे काय करायचे, कोणत्या बंदरात ठेवायचे, पहिल्या वर्षापासून निधी कोण देणार आणि कोणती संस्था जबाबदार राहणार, या प्रश्नांची उत्तरे आजच लिहून काढता येतात. केंद्र सरकार, नौदल आणि किनारपट्टीवरची राज्ये यांनी एकत्र बसून ती लिहावीत. तशी लेखी आणि आर्थिक तरतुदीची बांधिलकी नसेल, तर जतनाच्या खोट्या आशा दाखवण्यापेक्षा जहाजाचे निवडक भाग, विमाने, नोंदी आणि नौसैनिकांच्या आठवणी यांचे भक्कम संग्रहालय जमिनीवर उभारणे अधिक प्रामाणिक ठरेल. समुद्रावरून विमाने उडवण्याची विद्या भारताने साठ वर्षांत मिळवली. तिचा इतिहास राखण्याचे काम मात्र अजून करायचे आहे, आणि ते लिलावाची तारीख जाहीर होण्याआधीच सुरू करायला हवे.